सांस्कृतिक भवनाचं मागचं दार

कुलूप आतून लावायचं की बाहेरून, असं हवालदार किसनसिंगने विचारलं आणि ममता त्याच्या हातातल्या कुलपाकडे बघत राहिली. नगरपरिषदेच्या सांस्कृतिक भवनाचं सगळं काही इतकी वर्षं तिच्याकडे होतं. तारखा देणं, झाडून घेणं, पंखे, टाकी, किल्ल्या. पण हा प्रश्न तिला कधी कुणी विचारला नव्हता. लग्नात कुलूप आतूनच लागतं. पंगत बसली की ओळखीचे ना पाळखीचे असे काही जण हात धुऊन रांगेत येऊन बसतात, म्हणून नवरीचा मामा दाराला आतून कुलूप घालतो आणि किल्ली खिशात टाकून आइस्क्रीमच्या टेबलाशी उभा राहतो. "बाहेरून," ममता म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला, उद्या या म्हणणारा. किसनसिंगने कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. "वास्तू तुमची, किल्ली तुमची, मॅडम. मानसं आमची." किल्ली उन्हाने तापली होती. या वेळी आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं ममताच्या मनात आलं. तिने थोडी वाट पाहिली. काही वाटलं नाही.

तसं हे सगळं कालच ठरलं होतं. मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते, त्यांचं हेलिकॉप्टर कॉलेजच्या मैदानावर उतरणार होतं आणि कापसाच्या भावावरून सगळा जिल्हा तापला होता. सरकारी एकाधिकार खरेदीची केंद्रं एकेक करून बंद पडत चालली होती, कापसाच्या गाड्या परत फिरत होत्या. परवा शेजारच्या तालुक्यात कुणीतरी पाहुण्यांच्या गाडीवर कापूस उधळला. दगड नव्हे, कापूस. कापसाने गाडीची काच फुटत नाही, पण टीव्हीवर तो फारच पांढरा दिसला म्हणे. मग वरून हुकूम सुटला की ज्याच्याजवळ कापूस दिसेल त्याला उचला, पाहुणे परत गेले की सोडून द्या. हुकूम काढणारा माणूस या जिल्ह्यातला नसणार. वेचणीच्या दिवसांत इथे कापूस कुणाच्या अंगावर नसतो? तो केसांत असतो, पायताणाला असतो, चहाच्या कपावर तरंगतो. पण हुकूम तो हुकूम. ठाण्यात कोठडी एकच, तीही गळकी, म्हणून तहसीलदारांनी बैठक बोलावली आणि मुख्याधिकाऱ्यांनी भवन देऊ केलं, कारण आजच्या तिथीला लग्न नव्हतं. तुरुंग, कैद असले शब्द बैठकीत कुणी उच्चारले नाहीत. 'व्यवस्था' म्हणायचं ठरलं. "ममताबाई, तुम्ही व्यवस्थेवर," मुख्याधिकारी साहेब म्हणाले, आणि ममताने मान हलवली, जशी ती सगळ्यालाच हलवायची.

तिने लग्नासारखीच तयारी केली, दुसरी कुठली तयारी तिला येत नव्हती. सतरंज्या झटकून घातल्या. टँकर बोलावला. मोरीत फिनेल टाकलं. बायका वेगळ्या बसाव्यात म्हणून मांडववाल्याकडून लाल-पिवळा कापडी पडदा मागवून मधोमध बांधला. लग्नातला स्वयंपाक करणाऱ्या हंसाबाईला वरणभाताचा निरोप दिला, तर ती पदराला हात पुसत विचारायला आली, "कोनाकडचं लगन हाय वो बाई?" ममता म्हणाली, "सरकारचं." हंसाबाई हसली. मग ममताही हसली, पण ते तोंडापुरतंच होतं. स्टेजवर गेल्या लग्नातली थर्माकोलची बदामं तशीच चिकटून होती. ती काढावीत का, याचा तिने खरोखर विचार केला, आणि राहू दिली.

सकाळपासून जीप माणसं आणून सोडत होती. ममता आतच थांबली होती, खेप आली की ती खिडकीच्या गजांतून किल्ली द्यायची आणि किसनसिंग दार उघडून, पुन्हा लावून ती परत करायचा. पहिल्या खेपेला पुढारी आले, गळ्यात कापसाचे हार, हसत, घोषणा देत, एकमेकांना टाळ्या देत. त्यांना असल्या जागेची सवय होती, त्यांनी आल्याबरोबर पंख्याखालच्या जागा धरल्या. त्यानंतर जे आले त्यांना घोषणा माहीत नव्हत्या. गाद्या भरणारा एक पिंजारी आला, पिंजणीसकट. दवाखान्यातून सुई टोचून घेऊन, दंडावर बोळा दाबून धरलेला एक म्हातारा आला आणि आत येऊनही त्याने बोळा सोडला नाही. मग बायकाच बायका, तिठ्यावर काळीपिवळी जीपमधून उतरलेल्या, कपाशीच्या पऱ्हाटीतून थेट आलेल्या, कमरेला वेचणीचं फडकं, बोटं बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली, लुगड्याच्या काठाला पांढरे धागे. जीपमधल्या शिपायांनी हुकूम अक्षरशः पाळला होता. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या खाकी बाह्यांवरही कापूस होता, आणि तो कुणीच बघत नव्हतं. ममतानेही पाहिला आणि नजर फिरवली.

त्या बायकांतली एक पडद्यापाशी उभीच राहिली. पुष्पा तिचं नाव, गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची, माहेर फुलसावंगीचं, असं तिने न विचारताच सांगितलं. वय कितीसं असेल, ओठाखाली गोंदणाचा हिरवा ठिपका अजून ताजा होता. तिने पदर छातीवर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "मॅडम, मले घंटाभर सोडा ना वो," ती म्हणाली. "पोरगं घरी हाय, सासूजवळ. पहाटे पाजलं तेच. पाजून येतो अन् इथंच येऊन बसतो. पळून कुठी जाईन? तांडा काय पळून राह्यला?" ममता म्हणाली, "विचारून सांगते." पुष्पाने मान डोलावली. विचारून सांगते म्हणणाऱ्या माणसावर ती विश्वास ठेवत होती, हे ममताला दिसलं. पदराखाली पोलक्यावर दोन ओले गोल पसरत चालले होते, तेही दिसलं.

तिने खरंच विचारलं. कुणी असं म्हणू नये की विचारलं नाही. मुख्याधिकारी फोनवर म्हणाले, इमारत आपली, पण माणसं पोलिसांची, आपण कसं सोडणार? ठाणेदार म्हणाले, आम्ही नुसती आणून ठेवली मॅडम, आदेश तहसीलदारांचा. तहसीलदार मैदानावर होते, फोनमध्ये वाऱ्याचा आवाज होता, त्यांच्या माणसाने सांगितलं की आतली सगळी व्यवस्था नगरपरिषदेकडे दिलीय, तुम्हीच बघा. सगळे तिच्याशी नीट बोलले. एकानेही नाही म्हटलं नाही. मग लेकरालाच आत आणलं तर, असं तिने किसनसिंगला विचारलं. तो बराच वेळ मिशी ओढत राहिला. "लेकरू आत घेतलं तं तेही धरल्यासारखं होते ना मॅडम. तेच्यापाशी कापूस कुठी हाय? उद्या कोनी इचारलं तं मी काय सांगू?" त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. तोही तांड्यावरचाच होता, त्यालाही लेकरं होती. ममताने पुष्पाला जाऊन सांगितलं, "विचारलंय, उत्तर यायचंय." पुष्पा पुन्हा विश्वासाने मान डोलावून भिंतीला टेकून बसली.

ममता ऑफिसातून आणलेल्या खुर्चीवर पडद्याच्या कडेला बसली. तिच्या छातीत काही हललं नाही, पण कुठेतरी खोल, लेकीच्या, दीपाच्या वेळची ती जुनी ओल आठवली. दीपा आता दप्तर घेऊन एकटी शाळेत जाते. तेव्हा मात्र ती नुकती मान धरायला लागली होती आणि नोकरीचा कागद आला होता. रजा मागायची कुणाकडे, नोकरीच नवी. आई, कांताबाई, लेकराला सांभाळायची. ऑफिसात दुपार झाली की छाती दगडासारखी व्हायची, मग आपोआप झरायची. पहिल्या दिवशी ब्लाउज भिजला आणि समोरच्या टेबलावरचे लोक फायलीत तोंड घालून बसले. दुसऱ्या दिवशी कांताबाईने उशीची शिवण उसवून कापूस काढला, त्याच्या दोन चकत्या केल्या आणि ममताच्या ब्लाउजात बसवल्या. "आता कोनाले कळत नाही," ती म्हणाली. नाहीच कळलं. कापूस पीत राहिला आणि संध्याकाळी चकत्या ओल्या, जड, आंबट वासाच्या निघायच्या, ममता त्या मोरीत पिळायची. पांढरं पाणी जाळीतून जाताना बघायची. रडायचं आहे असं वाटायचं, पण आत दीपा रडत असायची, तेव्हा एका घरात दोघींनी रडून चालत नव्हतं. काही महिन्यांनी दूध आपणहून आटलं. त्या दिवशी ममताला बरं वाटलं होतं. बरं वाटलं म्हणून वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही. कदाचित तेव्हापासूनच आपलं हे असं झालं असावं, ती विचार करत राहिली. पडद्यापलीकडे पुढाऱ्यांपैकी कुणीतरी विनोद केला आणि पुरुषांत हशा पिकला.

किंवा त्याच्याही आधीपासून. तिचा बाप नागोराव याच नगरपरिषदेत कोंडवाड्यावर होता. अग्निशमनच्या शेडमागे कोंडवाडा, आणि कोंडवाड्याच्या भिंतीला भिंत लावून त्यांची खोली. मोकाट सुटलेली, कुणाच्या वावरात शिरलेली जनावरं शिपाई हाकत आणायचे, बाप आगळ सरकवून आत घ्यायचा, पाणी दाखवायचा, आणि मालक येईपर्यंत ती जनावरं सरकारची. ममताला ती झोपायच्या जागेवरून ऐकू यायची. शेपटी आपटणं, खूर घासणं, एखादीचं लांब हंबरणं. एकदा एक गाय आली, भरल्या आचळांची, आणि तिचं वासरू मागोमाग पळत आलं. वासराने कुणाचं काही खाल्लं नव्हतं, म्हणून शिपायाने त्याला आत घेतलं नाही. ते भिंतीशी उभं राहून ओरडत राहिलं आणि आतून गाय. दोघं मिळून असं काही चाललं होतं की कांताबाईने कानावर हात ठेवले. शेवटी नागोराव उठला, त्याने मागची आगळ काढली आणि वासराला आत ढकललं. परत येऊन झोपला तेव्हा तो स्वतःशीच हसत होता, हे ममताला चांगलं आठवतं. पण आगळ परत नीट बसवली नव्हती. सकाळी गाय नव्हती, वासरूही नव्हतं, आणि गाईने तुडवलेल्या वावराचा मालक नगरपरिषदेच्या दारात उभा होता. बापाला घरी बसवलं. ती सगळी वेचणी कांताबाई परक्यांच्या पऱ्हाटीत वाकली, बोटं चिरून घेतली. पुढे बापाला परत घेतलं, पण कोंडवाड्यावर नाही, झाडूवर, आणि झाडू हातात असतानाच तो गेला. त्याच्या जागेवर ममता लागली, शिकलेली म्हणून टेबलावर. "वासराले आत घेतलं अन् आपन भाईर झालो," एवढंच कांताबाई कधीतरी म्हणायची. बापाने पुन्हा त्या वासराचा विषय काढला नाही. ममतानेही कधी विचारलं नाही की बाबा, तुम्ही हसत काहून होते.

वरणभात वाढून झाला. पुष्पाने ताट तसंच ठेवलं. वर आभाळात हेलिकॉप्टरचा आवाज आला आणि पुढारी उठून घोषणा देऊ लागले. कुणाला ऐकू जाणार होत्या त्या, पण त्यांनी दिल्या. तो आवाज थांबला आणि मग ममताला दुसरा ऐकू आला. स्टेजच्या मागे नवरीला तयार करायची एक छोटी खोली आहे, तिला मागच्या गल्लीत उघडणारं पत्र्याचं दार आहे, आचारी आणि मांडववाले त्यातून सामान नेतात. त्या दारापलीकडे लेकरू रडत होतं. आधी सुरात, मग तुटून तुटून, मध्ये श्वास अडकून. ममता तिकडे वळायच्या आत पुष्पा तिच्या शेजारून धावत गेली.

पत्र्यावर थाप पडत होती. "पुष्पा! ए पुष्पा!" सासू, लालीबाई, तांड्यावरून लेकराला पाठुंगळी मारून चालत आली होती. पुढच्या दारावर किसनसिंगने तिला अडवलं होतं. दोघं आपल्या बोलीत बोलले होते, तो तिला याडी म्हणाला होता, आई, आणि तरी त्याने दार उघडलं नव्हतं. म्हणून ती भवनाला वळसा घालून मागे आली होती. दाराखाली बोटभर फट होती. पुष्पा फरशीवर पालथी पडली आणि तिने हात फटीतून बाहेर घातला, मनगटापर्यंत गेला, पुढे जाईना, बांगड्या अडकल्या. बाहेरून लालीबाईने लेकराचा पाय त्या हातात दिला असावा. कारण पुष्पाची धडपड एकदम थांबली. नंतर ती तशीच पडून म्हणाली, "मॅडम, तुमच्याजवळ चाबी हाय ना."

होती. तिच्याकडच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती, छोटी पितळी. ममताने ती बाकीच्यांतून बाजूला करून बोटांत धरलीही. दार उघडायचं, लेकरू घ्यायचं, दार लावायचं. कुणाला कळलं नसतं. किंवा कळलं असतं, किसनसिंग वळसा घालून आला असता, फोन झाले असते, कुणाच्या परवानगीने उघडलंत, असं तोच साहेब विचारता झाला असता जो काल तुम्ही व्यवस्थेवर म्हणाला होता. आत घ्यायला हुकूम होता. सोडायला हुकूम येणार होता. या दाराबद्दल मात्र कुणी काहीच म्हटलं नव्हतं, हे दार कुणाच्या ध्यानातच नव्हतं, ते एकट्या ममताच्या ध्यानात होतं. तिने स्वतःला सांगितलं, उघड. हात खाली लोंबत राहिला, झोपेत अंगाखाली आलेल्या हातासारखा, आपला असून आपला नाही. तिला भीती वाटत होती का? भीती असती तर बरं झालं असतं, भीतीशी भांडता तरी येतं. ती नुसती उभी होती. लेकरू रडत होतं. पुष्पाच्या पाठीवर, पोलक्याच्या गाठीपाशी, कापसाचा एक धागा हलत होता, आणि ममता त्याच्याकडे पाहत होती.

"थांबा जरासक," ती शेवटी म्हणाली. "पाहुने जाऊ द्या. मग सोडतेच."

पुष्पाने वळून पाहिलं नाही. बाहेर लालीबाईने मात्र ते ऐकलं. ती लेकराला थोपटत असावी. मग तिचा आवाज आला, साधा, बाजारात भाव विचारल्यासारखा. "काहून धरलं वो बाई इले?"

"कापूस होता जवळ," ममता म्हणाली.

"अन् तेवढ्यावर आत घेता?"

"हो."

पावलं दूर गेली. रडणं भिंतीच्या कडेकडेने पुढच्या बाजूला सरकत गेलं, ते ममताला आतून कळत होतं, जसं लहानपणी कोंडवाड्यातलं जनावर कुठून कुठे गेलं ते कळायचं. ती पुढच्या दारापाशी आली तेव्हा बाहेर किसनसिंग मोठ्याने बोलत होता. खिडकीच्या गजांतून तिला लालीबाई दिसली. अंगात आरशांची कांचळी, हातात पांढऱ्या हस्तिदंती रंगाच्या बांगड्या, बलोयं, पाठीवर झोळीत लेकरू. म्हातारीने लेकराच्या डोक्याखालची लहानशी उशी काढली, दातांनी तिची शिवण तोडली आणि मूठभर कापूस उपसून किसनसिंगच्या नाकासमोर धरला.

"आता घेतो का नाही आत?"

किसनसिंगने रस्त्याकडे पाहिलं. पाहुण्यांच्या ताफ्याच्या आधीची जीप वळणावर येऊन थांबत होती, त्यात त्याचे साहेब होते, आणि मुठीतून निसटलेला कापूस वाऱ्यावर रस्त्याभर पसरत होता. "याडी, फेक ते," तो खालच्या आवाजात म्हणाला. म्हातारीने मूठ आणखी उंच केली. जीपमधून कुणीतरी ओरडलं, "ए, ती बाई! आत घ्या तिला, लवकर!"

"मॅडम!" किसनसिंगने हाक मारली आणि गजांतून हात पुढे केला. ममताने किल्ली दिली. लगेच दिली. मोठी किल्ली, पुढच्या दाराची. तो हात कसा झटकन उचलला गेला ते तिने स्वतः पाहिलं. कुणाला फोन करावा लागला नाही, कुणाची परवानगी नाही, कुणी विचारणार नव्हतं. कुलूप उघडलं, लालीबाई लेकरासकट आत आली, कुलूप लागलं. पुष्पा मागून येऊन दारातच बसली होती. तिने लेकरू ओढून घेतलं, पदराखाली घेतलं, आणि रडणं मध्येच तुटलं. भवनात पंख्यांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. दंडावर बोळा धरलेला म्हातारा तोंड फिरवून बसला. लालीबाईने हातातला उरलेला कापूस उशीत कोंबला, ममताच्या खुर्चीवर बसली आणि पाय दाबत म्हणाली, "पानी देता का बाई?" ममताने पाणी दिलं. म्हातारी गटागटा प्यायली आणि ग्लास परत देताना म्हणाली, "लय चांगलं केलं तुमी, टाकी थंडी ठेवली." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर ममताला तो घट्ट धरता आला असता.

ऊन उतरल्यावर हेलिकॉप्टर गेलं आणि सोडायचा हुकूम आला. पुढाऱ्यांनी दारात फोटो काढून घेतले. पिंजाऱ्याने पिंजणी खांद्यावर टाकली. पुष्पा झोपलेल्या लेकराला घेऊन गेली. जाताना तिने ममताकडे पाहिलं, पण सकाळी विश्वासाने पाहत होती तसं नाही, आणि रागानेही नाही. टपालाच्या पेटीकडे किंवा विजेच्या खांबाकडे माणूस पाहतो, तसं. सतरंज्यांवर भाताची शितं आणि सगळीकडे कापूस उरला होता. हंसाबाई झाडत होती, पण झाडूपुढे तो उडून मागे येऊन बसत होता.

मुख्याधिकारी स्वतः आले. ते खुशीत होते. "ममताबाई, झकास केलंत. तक्रार नाही, गडबड नाही. तहसीलदार म्हणाले, आता दरवेळी हेच भवन आणि याच बाई. काही सुधारणा सुचते का? आत्ताच सांगा, करून घेऊ."

ममताने विचार केला. मोरीच्या दारांना आतून कड्या हव्यात, ती म्हणाली. पडदा जाड हवा. प्यायच्या पाण्याचे ग्लास वाढवायला हवेत. साहेब हं हं करत होते. मग ती म्हणाली, "आणि मागच्या दाराला भिंत घालून घ्या."

"कुठलं मागचं दार?"

"नवरीच्या खोलीतलं. गल्लीत उघडतं."

"असं आहे का एक?" साहेब स्टेजमागे जाऊन बघून आले. "अहो, पण लग्नाचं सामान कुठून नेतील?"

"पुढून नेतील."

साहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं. "बरोबर आहे. सुरक्षेचा मुद्दा आहे. हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. उद्याच मिस्त्री पाठवतो."

ममताने छोटी पितळी किल्ली जुडग्यातून काढून त्यांच्या हातावर ठेवली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं.